आठ वायरी, एक कान

माणसाने सभेत उठून काय बोलावं याला काही धरबंध असावा. एकदा सोसायटीच्या सभेत पाण्याच्या पंपावर चर्चा चालू होती. विमा कचेरीतले एक हेडक्लार्क मधेच उठून म्हणाले, "मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे," आणि खाली बसले. पंपाचं पुढे काय झालं ते आज कोणालाही आठवत नाही. ते गृहस्थ मात्र त्या दिवसापासून 'डिप्लोमा' झाले. पेपरवाला बिलावर तेच लिहितो. बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणते, आणि ती बऱ्यापैकी नियमाने चिडते.

डिप्लोमा खरा होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी घेतलेला, फ्रेम केलेला, आणि त्यानंतर एकदाही न वापरलेला. चांदीची भांडी जशी पाहुण्यांसाठी ठेवतात तसा. पाहुणे काही आले नाहीत.

आले ते सासरे. नाना गेल्या वर्षी पत्नी गेल्यावर लेकीकडे राहायला आले. छत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटरची नोकरी केली. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. अमक्याची दोरी तमक्याच्या भोकात घालायची आणि दोघांची गाठ घालून द्यायची. त्याच नोकरीने त्यांचे कान खाल्ले, असं डॉक्टर म्हणतात. मुलीने कानाचं यंत्र आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे.

"सगळं गाव एकदम कानात शिरतं गं," नाना म्हणत. "चमचा पडला, नळ सोडला, कोणी खोकलं, सगळं एका पट्टीत. मला एका वेळी एक लाइन द्या. मग मी कोणाचंही ऐकीन, अगदी जावईबापूंचंसुद्धा."

लाइन काही मिळाली नाही, म्हणून नाना टीव्हीचा आवाज वाढवत गेले. भिंतीपलीकडे गाण्याच्या बाई राहतात आणि संध्याकाळी क्लास घेतात. त्यांची तक्रार अशी, की विद्यार्थ्यांचे सूर आता बातम्यांवर लागतात आणि हवामानाच्या अंदाजाला सगळे मिळून उतरतात. सेक्रेटरी हे निवृत्त ऑडिटर. तक्रार तोंडी असेपर्यंत त्यांना ती ऐकूच येत नाही. लेखी आली तेव्हा त्यांनी लेखी नोटीस काढली: 'आपल्या सदनिकेतील ध्वनीची पाहणी करण्याकरिता कमिटी पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष हजर राहील.'

नानांना ऐकू येत नसलं तरी वाचता येत होतं, हीच तर पंचाईत. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी घातली, आत जाऊन माळ्यावरची आपली जुनी टणक तपकिरी बॅग काढली आणि चार शर्ट भरले. "पाहणी झाली की सोमवारी धाकट्याकडे जातो," एवढंच म्हणाले. धाकटा मुलगा दूरच्या शहरात असतो. तो आणि सूनबाई सकाळी आठला बाहेर पडतात, ते अंधार पडल्यावर परततात.

बायको नानांच्या उरलेल्या शर्टांना इस्त्री करत बसली. एकाच शर्टाला तिने तीनदा इस्त्री केली. हे डिप्लोमांनी पाहिलं.

आता, जावई-सासऱ्यांचं काही गूळपीठ होतं असं नाही. वर्षभरात दोघांत मोजून दोन वाक्यं चालत: "पेपर झाला का?" आणि "झाला." पण नाना पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीने अर्धंच सोडवत आणि उरलेलं जावयासाठी ठेवत. उरलेली उत्तरंही नानांना येत असतात, हे डिप्लोमांना सहाव्या महिन्यात कळलं होतं. कळूनही त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. उद्या पूर्ण कोरं कोडं आपल्यापुढे येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले आणि ज्या वाक्याने आजवर मध्यमवर्गातली निम्मी घरं संकटात घातली आहेत ते वाक्य बोलले.

"थांबा. मी करतो काहीतरी."

बायकोने इस्त्री बंद केली. तिला नानांच्या बॅगेपेक्षा आता या वाक्याची काळजी वाटू लागली.

योजना मात्र सुरेख होती. नानांना एका वेळी एक लाइन हवी ना? मग टीव्ही, रेडिओ, फोन आणि दाराची घंटा, अशा चार वायरी एका डब्यात आणायच्या. डब्यातून एकच वायर नानांच्या हेडफोनला. डब्यावर बटणं. ज्याचं बटण त्याची लाइन, बाकी जग गप्प. हे काम करणारी एक चिप असते, तिचं नाव ॲनालॉग मल्टिप्लेक्सर. आठ वायरी एकीकडे, एक वायर दुसरीकडे, आणि आठांतली कोणती जोडायची ते चिपचे तीन पाय ठरवतात. पायांना वीज आहे की नाही एवढं बघून ती निवाडा देते. कमिट्यांसारखं नाही.

"तयार मिळतात की हो अशी यंत्रं!" खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मिळतात," डिप्लोमा म्हणाले. "तयार पोळ्याही मिळतात." हे बायकोने ऐकलं. तिने त्या दिवशी तयार पोळ्या आणल्या.

चिप मागवली. चार दिवसांनी दारात एक खोकं आलं, त्यात टीव्ही मावला असता. खोक्यात फुग्यांचा कागद, कागदात पाकीट, पाकिटात चंदेरी पिशवी, आणि पिशवीत एक मेलेला मुंगळा. डिप्लोमांनी चष्मा लावला. मुंगळा नव्हता, चिपच होती. यादीत त्याच नावापुढे दोन आकार होते. एक माणसांसाठी, एक कारखान्यातल्या यंत्रांसाठी. डिप्लोमांनी दुसऱ्यावर खूण केली होती. डिप्लोमा घेतला त्या काळी चिपा चांगल्या झुरळाएवढ्या असत आणि सोळा पाय लांबूनही मोजता येत. हिचे पाय मोजायला घेतले आणि डिप्लोमांना शिंक आली. मग बायको, नाना आणि ते स्वतः, अशी तिघं पाऊण तास फरशीवर गुडघ्यांवर होती. चिप नानांच्या बाहीवर सापडली.

"हे काय आहे?" नानांनी विचारलं.

"तुमचं एक्स्चेंज!" डिप्लोमा त्यांच्या कानाशी ओरडले.

नानांनी चिपकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि बाही झटकली. ती पुन्हा शोधावी लागली.

मुंगळ्याच्या पायांना वायरी जोडायला डोळा हवा आणि हात हवा. डिप्लोमांनी तीन दिवसांत स्वतःची तीन बोटं भाजून घेतली, चिप मात्र सुखरूप राहिली. शेवटी डॉक्टरीणबाईच मदतीला आल्या. त्यांच्याकडे भिंग होतं, दिवा होता, आणि आयुष्यभर अंधाऱ्या जागी बारीक काम केलेला हात होता. दुपारी दवाखाना रिकामा असताना चिप चांगली रुग्णाच्या खुर्चीवर, पांढऱ्या रुमालावर निजवली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना भिंग लावलं आणि सवयीने म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं." कोणाला, ते स्पष्ट झालं नाही. डिप्लोमा बाजूला कोणता पाय कुठे ते वाचत उभे राहिले.

"हा मागच्या रांगेतला? निवड करणारा तिसरा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो सोडा," डिप्लोमा ऐटीत म्हणाले. "आपल्या चारच वायरी आहेत. चारांच्या निवडीला दोन पाय पुरतात."

हे वाक्य लक्षात ठेवावं. डिप्लोमांनी ते ठेवलं नाही.

कारण घरी आल्यावर बायको म्हणाली, "टीव्ही झाला, रेडिओ झाला, घंटा झाली. आम्ही जेवताना बोलतो ते नाना कशावर ऐकणार? टेबलाशी बसतात आणि ताटाकडे बघत राहतात. त्याची नाही का वायर?"

डिप्लोमांना हे सुचलं नव्हतं, आणि ते बायकोला सुचलं याचा त्यांना राग आला. पण बोलणं खरं होतं. त्यांनी एका मोडक्या रेडिओतला छोटा स्पीकर काढून जेवणाच्या टेबलाखाली स्क्रूने बसवला. स्पीकर उलटा वापरला की माइकचं काम करतो, फक्त आवाज बारीक येतो, म्हणून त्याच्या वाटेत एक आवाज वाढवणारं यंत्र टाकलं. ही झाली पाचवी वायर. पाचवीला तिसरा पाय लागतो. डिप्लोमांनी डब्यावर पाचवं बटण दिमाखात बसवलं, त्यावर 'घर' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि बटणामागची वायर तिसऱ्या पायाला जोडायची राहून गेली. तेवढ्यात सेक्रेटरींचा निरोप आला होता.

घंटेची वायर दाराबाहेर वीतभर जात होती. वीतभर म्हणजे सामाईक जागा. सामाईक जागा म्हणजे अर्ज. अर्जाला शेजारच्या सदनिकेची ना हरकत हवी, आणि शेजारच्या सदनिकेत गाण्याच्या बाई.

"म्हणजे माझ्याच तक्रारीवरच्या इलाजाला माझीच परवानगी?" बाईंनी विचारलं.

"नियम आहे," डिप्लोमा म्हणाले.

बाईंनी सही केली. खाली एक ओळ जोडली, 'सदर यंत्रातून गाणे बाहेर आल्यास ते सुरात असावे.' सेक्रेटरींनी ती अट मंजूर केली आणि भोकाचा व्यास विचारला. व्यास मिलिमीटरमध्ये लिहून दिला तेव्हा कुठे परवानगी मिळाली. तोवर शनिवार आला होता, आणि तिसरा पाय डिप्लोमांच्या डोक्यातून पार गेला होता. तो डब्यात एकटाच लोंबकळत होता. अशा चिपचा पाय कुठेच बांधला नाही तर ती त्याला वीज नाही असं समजत नाही. ती मनाला येईल ते समजते. कोणी जवळून गेलं, कोणी हात हलवला, की तिचं मत बदलतं. टीव्हीचं बटण दाबलेलं असताना त्या पायाची लहर फिरली, की टीव्हीची लाइन सुटून थेट घरची, म्हणजे टेबलाची, लाइन लागे.

डिप्लोमांना हे कसं कळावं? त्यांनी नानांच्या खोलीत खुर्चीजवळ डबा ठेवला, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, डब्यावर हात ठेवून बसले आणि बातम्या खणखणीत ऐकल्या. हात डब्यावर असेतोवर पाय शहाण्यासारखा वागत होता. मग त्यांनी हेडफोन नानांना दिला. हात तसाच ठेवला होता, हे वेगळं सांगायला नको. नानांनी ऐकलं आणि दोन बोटांची खूण केली. "उत्तम! अगदी ट्रंककॉलसारखं!"

त्या क्षणी डिप्लोमांना डिप्लोमा मिळाला, असं म्हटलं तरी चालेल. अठ्ठावीस वर्षांनी. रात्रीचं जेवण त्यांनी दोनदा वाढून घेतलं. बायकोने विचारलं, "मग बॅग?" ते म्हणाले, "आता कशाला जातील?" बॅग तशीच भरलेली होती, हे बायकोने पाहिलं होतं. पण नवरा इतका खूश होता, की तिने पुढची पोळी वाढली.

रविवारी अकराच्या ठोक्याला कमिटी आली. सेक्रेटरी, गाण्याच्या बाई आणि डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाई कमिटीवर नव्हत्या, पण आपण बसवलेला दात कसा आहे ते बघायला आल्या होत्या. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. नानांच्या खोलीचं दार लोटलेलं. आत टीव्ही लावलेला, आणि बाहेर चिडीचूप. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सेक्रेटरींनी वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, "पाहणीच्या वेळी सदनिकेत टीव्ही चालू असून, आवाज..."

"हॅलो," टेबल म्हणालं.

सेक्रेटरींनी वही उचलून खाली बघितलं.

"हॅलो, ऐकतेस का?" टेबल पुन्हा म्हणालं. आवाज हलका, गोड, थेट कानाशी बोलल्यासारखा. छत्तीस वर्षं जो तोंडाशी माइक धरून बोलला तो माणूस बहिरा झाला तरी ओरडत नाही. नाना टीव्हीशेजारच्या फोटोशी बोलत होते. पत्नी गेल्यापासून ते रोज तिला दिवसभराचा वृत्तांत देत, हे बायकोला माहीत होतं. काय सांगत, हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं.

घडलं होतं ते असं. नानांनी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि लोंबकळत्या पायाचं मत बदललं. पण मग घरातलं बोलणं नानांना ऐकू यायला हवं होतं, नानांचं घराला नव्हे. तर ते आवाज वाढवणारं यंत्र डिप्लोमांनी उलटं जोडलं होतं. या चिपची खोड अशी, की तिला आत आणि बाहेर यांत फरक कळत नाही. वाट जोडून दिली की कोणीही कुठूनही यावं-जावं. हेडफोनचा झाला माइक आणि टेबलाखालच्या माइकचा झाला स्पीकर.

"बाहेर सभा भरलीय," टेबल सांगत होतं. "तो सेक्रेटरी आलाय. एक्स्चेंजात असता ना, तर त्याची लाइन मी दिवसभर एंगेज ठेवली असती. त्याचं तोंड हलतं आणि ऐकू येत नाही, तेवढाच काय तो कान गेल्याचा फायदा."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला. डिप्लोमा खोलीकडे धावणार, तोच बायकोने त्यांचा हात धरला.

"जावयाने डबा केलाय माझ्यासाठी. दोन शब्द ऐकू येतात, मग नुसती घुंऽऽ, मग पुन्हा दोन शब्द. सकाळी बातमी लागली, 'उद्यापासून... घुंऽऽ... सापडला.' काय सापडलं, कोणाला सापडलं, देव जाणे. जावयाने विचारलं तेव्हा मी आपलं पुन्हा म्हटलं, उत्तम, ट्रंककॉलसारखं. काय करणार? दोन आठवडे खपतोय बिचारा. बोटं भाजून घेतलीत. तोंडावर कसं सांगू, की बाबा रे, तुझा डबा फुकट गेला?"

डिप्लोमा उभे होते ते बसले. सगळे त्यांच्याकडे बघायचं टाळत होते आणि त्यामुळे सगळ्यांना एकाच भिंतीकडे बघावं लागत होतं. त्या भिंतीवर डिप्लोमाची फ्रेम होती.

"बॅग भरलीय," टेबल म्हणालं, आणि आवाज जरा खाली आला. "पण तुला म्हणून सांगतो, जायचं मनात नाही. धाकट्याकडे दिवसभर घरात चिटपाखरू नसतं. इथे मला ऐकू नाही आलं तरी निदान ओरडतं कोणीतरी..."

मग पेला ठेवल्याचा आवाज आला आणि टेबल गप्प झालं.

बायको रडत होती, आणि सेक्रेटरींच्या लाइनचं आठवून मधेच हसतही होती. गाण्याच्या बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे... इतिवृत्तात लिहायचं का?"

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग करारी आवाजात म्हणाले, "पाहणी टीव्हीच्या आवाजाची होती. तो समाधानकारक आढळला. टेबलाखालून जे आलं ते सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही." वही मिटून ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले आणि हळूच डिप्लोमांना म्हणाले, "त्यांना सांगा, मी मुद्द्याचं तेवढंच बोलतो."

कमिटी गेली. डॉक्टरीणबाई मात्र बसून राहिल्या. डिप्लोमांच्या मनात आलं, की फ्रेम उतरवावी आणि कपाटामागे ठेवावी. माणसाच्या अब्रूचे असे धिंडवडे, तेही स्वतःच्या जेवणाच्या टेबलाने काढलेले! पण अब्रूपेक्षा एक वाक्य जास्त टोचत होतं, 'तोंडावर कसं सांगू'. एवढं जपून त्यांच्याशी आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं.

ते उठून नानांच्या खोलीत गेले. जे ऐकलं त्यातलं एक अक्षरही बोलले नाहीत. डबा उचलून नानांच्या मांडीवर ठेवला आणि कानाशी ओरडले, "नाना, हा बिघडलाय. जरा बघता का?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"मग छत्तीस वर्षं काय करत होतात?"

नानांनी चष्मा लावला. झाकण उघडलं. पाच वायरी एकीकडे, एक वायर दुसरीकडे. त्यांची बोटं एकेका वायरीवरून फिरत गेली, आणि चेहरा बदलत गेला. "अरे, हे तर माझंच काम," ते पुटपुटले. "एवढंसं झालं होय आता?" मग बटणामागून निघून कुठेच न गेलेल्या त्या वायरीपाशी बोट थांबलं, आणि नाना एकदम ड्यूटीवर हजर झाले.

"ही दोरी कोणाची?" त्यांनी दरडावून विचारलं. "लोंबकळती दोरी! आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवायचे. दोरी एक तर भोकात, नाही तर जागेवर. लोंबकळली की ती कोणाचंही कोणाशी जोडते. एकदा एका दोरीपायी दोन नवरे भलत्याच बायकांशी पाऊण तास भांडले होते!"

"मी म्हणत होते, तो पाय राहिलाय म्हणून," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं भिंग पर्समध्येच होतं.

दहा मिनिटांत तिसरा पाय बांधला गेला. डिप्लोमांनी आवाज वाढवणाऱ्या यंत्राच्या दोन वायरी उलटसुलट केल्या आणि मान खाली घालून मान्य केलं, की ते उलटं लागलं होतं. बायको बाहेर टेबलाशी बसली. नानांनी 'घर' बटण दाबलं.

"नाना," बायको नेहमीच्या आवाजात, न ओरडता म्हणाली, "चहा घेणार का?"

नानांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. वर्षभरात लेकीचा न ओरडलेला आवाज त्यांनी ऐकला नव्हता. "अगं," शेवटी ते म्हणाले, "तुझा आवाज अगदी हिच्यासारखा झालाय."

चहा झाला. बायकोने एवढंच म्हटलं, की आता माझा बिस्किटांचा डबा रिकामा करून द्या, दोन आठवडे बिस्किटं पातेल्यात आहेत. डिप्लोमा विचारात पडले, चांगलं टणक खोकं आणायचं कुठून? नाना उठले. आपली तपकिरी बॅग ओढत बाहेर घेऊन आले, तिच्यातले शर्ट काढून लेकीच्या हातात दिले आणि रिकामी बॅग जावयापुढे टेबलावर आपटली.

"यात बसवा. आणि झाकणाला आठ भोकं पाडा, मोठी. पाचच नकोत," ते म्हणाले. "आमच्या एक्स्चेंजात रिकामी भोकं असायचीच, नव्या लाइनींसाठी."

"नाना, बॅग वाया जाईल! पुन्हा कुठे जायला..." डिप्लोमा म्हणाले.

"ड्रिल आणा, जावईबापू," नाना म्हणाले. "पहिलं भोक मी पाडतो."